व्याह्याची इंग्रजी

शाळेत मी ज्या इंग्रजीचा पगार घेतला ती इंग्रजी कायम इस्त्री करून यायची. 'मे आय कम इन, मॅडम' म्हटल्याशिवाय मी कुठल्या पोराला वर्गात घेतलं नाही आणि 'प्लीज' विसरलेल्या पत्राला कधी पूर्ण मार्क दिले नाहीत. जळगावात माझा तसा दराराच होता. बाजारात जुना विद्यार्थी भेटला की आधी शर्टाचं वरचं बटण लावायचा आणि मग नमस्कार करायचा. असं सगळं असताना, निवृत्त झाल्यावर, केस पिकल्यावर मला इंग्रजी पुन्हा मुळापासून शिकावी लागली. आणि तीही शिव्यांपासून. हे ऐकून लोक हसतात. हसू देत.

कारण होतं माझी लेक. एकुलती एक. शेतीचं शिक्षण तिनं धुळ्याला घेतलं, पुढचं शिकायला ऑस्ट्रेलियात गेली आणि तिथल्याच एका केळीवाल्याच्या पोराशी लग्न करून मोकळी झाली. केळीवाला म्हणजे खरोखरचा केळीवाला. त्या देशाच्या उत्तरेला, समुद्राजवळ, बापलेकांची केळीची शेती आहे. माझं माहेर रावेरकडचं, केळीतच वाढलेली मी. त्यामुळे जावई गोरा असला तरी मला फारसा परका वाटला नाही. लग्न इथे जळगावात झालं. जावयाची आई आधीच वारलेली. वडील गुडघ्याच्या दुखण्यानं येऊ शकले नाहीत. म्हणजे व्याही मी पाहिलाच नव्हता. माझी लेक मात्र लग्नानंतर थेट त्याच्याच घरात राहायला गेली. घरात माणसं तीन.

जाताना मी तिला जे सांगायचं ते सांगितलं. आपल्याकडची कुठलीही आई सांगते तेच. सासरे आले की उठून उभं राहायचं. उलटून बोलायचं नाही. काही दिलं तर थँक्यू म्हणायचं, चुकलं तर सॉरी म्हणायचं, नाही चुकलं तरी सॉरी म्हणायचं. पोर गुणाची. तिनं सगळं अक्षरशः पाळलं.

दिवस गेले तेव्हा फोनवर खूप हसली. आणि सातव्या महिन्यात रडायला लागली. "आई, बाबा मला सारख्या शिव्या देतात." बाबा म्हणजे सासरा. काय शिव्या? तर अंगणात लावलेले टोमॅटो जळाले तेव्हा तो तिला 'गला' म्हणाला. गला हा तिकडचा एक पोपट, आणि तिकडे मूर्ख माणसालाही तेच म्हणतात. जड अंगानं दुपारी जरा पडली तर 'ब्लजर', म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर खाणारा आळशी. एका रविवारी तिनं सकाळभर खपून वरण-बट्टी केली. म्हाताऱ्यानं तीनदा वाढून घेतलं, ताट पुसून खाल्लं आणि म्हणाला, "नॉट बॅड." वाईट नाही म्हणे! मग पोर म्हणाली, "त्यांना मी नको आहे गं आई. मी बाळंतपणाला तिकडेच येते. आणि मग परत येणार नाही."

आमचे हे म्हणाले, "येऊ दे तिला, घर तिचंच आहे." पण तोवर तिला विमानात बसू देतील असे दिवस राहिले नव्हते. डॉक्टर नको म्हणाले. तेव्हा ठरलं ते असं, की आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, झाली की मी जायचं, बाळंतपण करायचं आणि तिथे काय ते डोळ्यांनी बघायचं. तिचा खरंच छळ असेल तर लेक आणि बाळ घेऊन परत यायचं. लेकीनं मला बजावून सांगितलं, "परतीची तिकिटं दोघींची बघ." जावई भला माणूस. पण दिवसभर शेतात, आणि बापापुढे गप्प.

तर मला जाऊन काय करायचं होतं? एका म्हाताऱ्याच्या तोंडाची पारख करायची होती. आणि त्याच्या तोंडातला एक शब्द मला कळत नव्हता. मला! निम्म्या जळगावला इंग्रजी शिकवलेल्या बाईला!

पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर तो दिसला तेव्हा मी डोक्यावर पदर घेतला. व्याही ना. पाठ करून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "गुड आफ्टरनून, सर. आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा करते." स्वच्छ, व्याकरणशुद्ध इंग्रजीत. लालबुंद चेहऱ्याचा, चुरगळलेल्या टोपीचा तो माणूस एकदम ताठ उभा राहिला. मग म्हणाला, "येस, थँक यू, मॅडम. व्हेरी काइंड ऑफ यू," आणि फोन मुलाच्या हातात देऊन निघून गेला. मी लेकीला म्हटलं, अगं, किती सुसंस्कृत बोलतात! तुझाच काहीतरी गैरसमज असेल. लेकीनं फोन बंद केला.

तेव्हापासून मी शिकायला लागले. मोबाइलवर तिकडच्या लोकांचे व्हिडिओ सापडतात. एक अनवाणी माणूस मोठी टोपी घालून तासन् तास बोलतो, त्याला मी गुरू केला. शिवाय लेकीच्या भागातला एक रेडिओ सापडला. आपल्याकडे सकाळचा चहा उकळतो तेव्हा तिकडे दुपार व्हायला आलेली असते, आणि त्या वेळी तो रेडिओ पाऊस, गुरांचे भाव आणि केळी यांवर बोलतो. ओट्याशी उभी राहून मी तो ऐकायची. पहिले काही दिवस मला ते इंग्रजी आहे हेच कळेना. आमचे हे विचारायचे, "कुठला देश लावलायस?"

मग हळूहळू कान उघडला. आणि काय सांगू, मी थक्कच झाले. हे लोक एक शब्द धड उभा ठेवत नाहीत. गुड डेचं गुड-ए, आफ्टरनूनचं आर्वो, ब्रेकफास्टचं ब्रेकी, मॉस्किटोचं मॉझी. चहाच्या सुट्टीला स्मोको. जणू सगळे शब्द घडी घालून खिशात ठेवलेत. आजारी माणूस किंवा बिघडलेली वस्तू 'क्रूक', आणि समोरचा कोणीही 'मेट', म्हणजे दोस्त. होकार द्यायचा तर आधी 'नाही' म्हणतील आणि नकार द्यायचा तर आधी 'हो'. आणि कशाचंही काहीही बिघडलं, ट्रॅक्टर बंद पडला, छप्पर उडालं, पूर आला, तरी म्हणणार, 'शी'ल बी राइट.' ती होईल बरी. ती कोण? तर तीच, जे काय बिघडलं असेल ते.

ही माझी साधना चालू असताना धुळ्याकडून माझी थोरली नणंद आली. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. पांझरेकाठच्या एका खेड्यात तिचं सासर. दर उन्हाळ्यात ज्वारीच्या पापडांना, म्हणजे आमच्या बिबड्यांना, ती येते. या खेपेला लेकीसाठी जास्तीचे करायचे होते. दारात पाऊल टाकता टाकताच तिनं तोंड सोडलं, "कोठे मरनी व्हती वं भवानी? फोन उचलाले तुना हात मोडनात का?" हा तिचा नमस्कार. ती अहिराणी बोलते आणि तिच्या अहिराणीत शिवी नसलेलं वाक्य सापडायला वेळ लागतो. मी तिला हसून अहो-जाहो करते. इतक्या वर्षांत ती भाषा माझ्या कानात पक्की बसली, पण तोंडात मी कधी येऊ दिली नव्हती. मास्तरीण ना मी.

अक्काला मी सगळं सांगितलं. 'शी'ल बी राइट'चा अर्थ ऐकून ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बठ्ठं बाईवरच ढकलस का तठला मानूस?" सगळं म्हणे बाईवरच! आणि मग गच्चीवर बिबडे घालता घालता आमचा अभ्यास सुरू झाला. मी शब्द सांगायचे, ती म्हणून दाखवायची. 'रॅटबॅग' म्हणजे बदमाश. 'ड्रोंगो' म्हणजे बावळट, हा तिला फार आवडला. दुसऱ्या दिवशी तिनं तो भाजीवाल्यावर चालवून पाहिला. त्याला वाटलं, मावशी काहीतरी चांगलं बोलली. त्यानं कोथिंबीर वर घातली.

एकदा बिबडे वाळत घालताना मी वाळलेल्यांतला एक तळून आणून तिला चव बघायला दिला. तिनं तोंड वाकडं करून खाल्ला. "खावाजोगं शे," म्हणाली. आणि खाली जाऊन सगळ्या गल्लीत सांगत सुटली की आमच्या मास्तरणीसारखा बिबडा धुळ्यात कोणी घालत नाही. मी पिठाचे हात तसेच धरून गच्चीवर उभी. खाण्याजोगं आहे. वाईट नाही. नॉट बॅड. अगं बाई, म्हटलं, हे तर मला माहीत आहे! हे मी आयुष्यभर ऐकलेलं आहे!

मला लग्नानंतरची आखाजी आठवली. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराई मांडतात, ते सगळीकडचंच. पण अक्काच्या गावी आणखी एक रीत होती. ओढ्याच्या या काठाला एका आळीच्या बाया आणि त्या काठाला दुसरीच्या, आणि दोन्हीकडून शिव्या. भांडण नसे बरं का. नाव घेऊन, हातवारे करून, हसून हसून डोळ्यांत पाणी येईतो शिव्या. एकीनं दुसरीचं नाक काढायचं, दुसरीनं पहिलीची चाल. मी शिकलेली सून, नवी कोरी साडी नेसून अक्काशेजारी उभी होते. पहिल्या वर्षी पलीकडून मला कोणी एक शब्द बोललं नाही. उलट एक म्हातारी ओढा ओलांडून आली आणि "मास्तरीनबाई, उन्हात नका उभ्या राहू," म्हणाली. मला केवढं बरं वाटलं, किती मान देतात म्हणून. पुढच्या वर्षी तीच म्हातारी पलीकडून ओरडली, "दखा ती मास्तरीन, बगयीनागत मान वर करीसन चालस!" बगळीसारखी म्हणे! मी संतापून लाल झाले. आणि अक्का? अक्कानं मला मिठी मारली. म्हणाली, चला, गावानं तुला आत घेतलं. संध्याकाळी त्या म्हातारीनं माझ्यासाठी पदराखालून सांजोऱ्या आणल्या.

आणि याची दुसरी बाजूही मी पाहिलेली होती. अक्काचे यजमान गेले त्या दिवशी आम्ही धावत गावी पोचलो. ओट्यावर अक्का बसली होती. मला पाहून ती हळू म्हणाली, "या. दमून आल्या असाल. बसा." इतकं नीट बोललेलं मी तिच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. मला तिच्या रडण्यापेक्षा त्या 'बसा'चीच भीती वाटली.

बिबड्यांवर फडकं टाकायचंही मला भान राहिलं नाही. कुठे पांझरा, कुठे तो समुद्र! मधे अर्धी पृथ्वी! आणि तिथला एक विधुर म्हातारा, ज्यानं खानदेशाचं नावही ऐकलेलं नसेल, तो आमच्या अक्कासारखा बोलत होता. मी जिला आयुष्यभर गळ्यात टाय बांधून खुर्चीवर बसवलं, ती इंग्रजी तिकडे बनियनवर खाटेवर लोळत होती, दिसेल त्याला हाका मारत होती. मला त्या भाषेपुढे हात जोडावेसे वाटले. इतकी वर्षं शिकवली आणि तिचा चेहराच पाहिला नव्हता.

पण हे सगळं माझ्या मनाचे खेळ असतील तर? लेकीच्या आयुष्याचा प्रश्न होता. खात्री करायला पाहिजे होती. अक्का म्हणाली, "त्याले एक गाय दी देख." एक शिवी देऊन बघ त्याला. मी म्हटलं, अक्का, व्याही आहेत ते! आपण मुलीकडचे! ती म्हणाली, मग बस पदर घेऊन.

दोन दिवस मी आरशासमोर तालीम केली. मग एका सकाळी जावयाला शेतात फोन लावला तेव्हा नशिबानं तो म्हाताऱ्यानंच घेतला. त्याच्या मागे केळीची रांग दिसत होती. मी पदर घेतला नाही. म्हटलं, "गुड-ए! तुमची केळी जरा क्रूक दिसताहेत हो, मेट. आमच्या रावेरला माझा भाऊ असले घड म्हशीपुढे टाकतो."

त्यानं मान वळवून आपल्या घडांकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. लेकीचा संसार मी स्वतःच्या तोंडानं मोडला. शेजारी अक्का फोनला डोळे लावून बसलेली.

आणि मग तो हसला. टोपी पडली त्याची. असा हसला की कुठूनतरी कुत्रं भुंकत आलं. रावेरची केळी म्हणे त्यानं फोटोत पाहिलीत, त्याच्याकडे भेंडी त्याहून जाड येते. मी म्हटलं, तुमची नजर गेली, चष्मा बदला. तो म्हणाला, तुम्ही शाळेत पोरांना हेच शिकवत होता का. असं आमचं किती वेळ चाललं देव जाणे. अक्काला शब्द कळत नव्हते, पण ती मांडीवर थापा मारत होती. "हाऊ मानूस आपलाच शे वं," म्हणाली.

हसू ओसरल्यावर त्यानं टोपी उचलून झटकली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली. मग म्हणाला, "एक विचारू? तुमच्या पोरीला मी काय केलं? मी आत गेलो की ती उठून उभी राहते, मी पोलीस असल्यासारखी. मीठ दिलं तरी थँक्यू. रोज सॉरी म्हणते. मी इतकी मस्करी करतो, एकदासुद्धा उलट बोलली नाही. बायको गेल्यापासून या घरात कोणी मला शिवी दिलेली नाही. मला वाटलं होतं ही देईल." मग खाली बघून म्हणाला, "तिला मी आवडत नाही. ती निघून जाणार आहे, हो ना?"

मी म्हटलं, तिच्याशी मी बोलते. एकाच घरात दोन जीव एकमेकांना जवळ करायला धडपडत होते. ही मान देऊन, तो मान काढून घेऊन. आणि दोघांनाही वाटत होतं की आपण नकोसे आहोत.

लेकीला मी सगळं समजावलं. म्हटलं, तू त्यांना उलट शिवी दे. ती किंचाळलीच, "आई, तुला उन्हानं काही झालंय का?" मी म्हटलं, झालंय, पण तू दे. ती म्हणाली, माझ्याच्यानं होणार नाही, वडिलांच्या वयाचे आहेत, तूच शिकवलंस ना! शिवाय तुला काय, तू तिकडे बसून हसणार, मला रोज ऐकून घ्यावं लागतं. ते गोड बोलले असतील तुझ्याशी. मला खरं वाटत नाही. तिनं पुन्हा एकदा तिकिटांचं विचारलं. मी काढली आहेत म्हटलं. काढलेली होतीच.

आखाजी जवळ आली. गल्लीत झोके लागले, सासरच्या पोरी बॅगा घेऊन रिक्षांतून उतरायला लागल्या. त्यातल्याच एका सकाळी मी आणि अक्का गच्चीवर शेवटचे बिबडे काढत होतो. दिवस भरायला अजून अवकाश होता. फोन वाजला. लेकीचा नंबर, पण पडद्यावर म्हातारा. मागे पांढरी भिंत. डोक्यावर टोपी नव्हती आणि केस विंचरलेले होते.

"गुड मॉर्निंग, मॅडम," तो म्हणाला. "आय ॲम व्हेरी सॉरी टू डिस्टर्ब यू."

मी तापलेल्या गच्चीवर बसले. अक्का ओरडली, "काय व्हयनं वं? काय म्हनस तो?"

"तो नीट बोलतोय, अक्का," मी म्हटलं.

अक्काच्या हातातली परात खाली गेली. तिला आणखी काही सांगावं लागलं नाही.

तो सांगत होता, एकेक शब्द पूर्ण उच्चारत, प्लीज आणि मॅडम लावत. पहाटेच कळा सुरू झाल्या. रक्त फार गेलं. ऑपरेशनला नेलंय, जावई आत आहे, डॉक्टर प्रयत्न करताहेत. मी ज्या इंग्रजीला पूर्ण मार्क देत होते ती इंग्रजी माझ्या समोर उभी होती आणि मला ती ऐकवत नव्हती. मी मनात म्हणत होते, शिवी दे रे बाबा. एक शिवी दे. त्या ड्रोंगोला, त्या गलाला, कोणालाही.

त्यानं फोन ठेवला नाही. मीही नाही. तो तिथल्या बाकावर बसला, आम्ही इथे जिन्यात सावलीला. अक्कानं माझा हात धरून ठेवला होता. आमचे हे वर येऊन पायरीवर बसले. तिकडून बुटांचे आवाज यायचे, दार लागायचं, उघडायचं. त्याचा एक हात दुखऱ्या गुडघ्यावर होता. एकदा त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणायला गेले, "शी'ल बी राइट." ओठ तेवढे हलले. त्यानं मान हलवली.

किती वेळानं ते दार उघडलं आणि जावई बाहेर आला, मला सांगता येणार नाही. तो काय बोलला ते ऐकू आलं नाही. म्हातारा उठला तसा फोन त्याच्या हातात उलटा झाला आणि आम्हाला नुसती फरशी पळताना दिसली. मग पडद्यावर माझी लेक आली. पांढरीफटक. ओठांना रंग नाही. पण डोळे उघडे. छातीवर एक लालभडक गाठोडं, आणि ते गाठोडं रडत होतं. मुलगी होती.

अक्कानं मोठ्यानं देवाचं नाव घेतलं.

म्हाताऱ्याचा आवाज आला. तो फोनच्या मागे होता, दिसत नव्हता. "ही कोण?" तो म्हणाला. "उकडलेल्या बटाट्यासारखी दिसते. परत द्या."

मी लेकीच्या तोंडाकडे पाहत होते. तिनं डोळे हळू त्याच्याकडे वळवले. तिला बोलायलाही त्रास होत होता. "तुमच्यावर गेलीय," ती म्हणाली, "म्हाताऱ्या रॅटबॅग."

मग फोन हलला आणि आम्हाला छत दिसायला लागलं, छतावरचा एक दिवा. म्हाताऱ्यानं फोन पलंगावर ठेवून दिला असावा. त्याच्या हुंदक्यांचा आवाज येत होता. वडील माणूस लहान पोरासारखा रडत होता, आणि माझी लेक त्याला थकलेल्या आवाजात दटावत होती, ओरडत होती. काय काय म्हणत होती! कुठे शिकली होती एवढं सगळं? मी तिला एवढे शब्द सांगितलेच नव्हते. त्या घरात राहून, रडत रडत, पोरीनं सगळी भाषा पिऊन ठेवली होती, फक्त तोंडातून बाहेर काढायची राहिली होती. मी ऐकत होते. ती माझी वाटतच नव्हती. ती त्या घरची झाली होती, माझ्या देखत, त्या एका दिव्याकडे मी बघत असताना.

मग कोणीतरी फोन उचलून तिच्यासमोर धरला. ती माझ्याकडे बघून हसली. छान हसली, पाहुण्यांकडे बघून हसावं तशी. म्हणाली, "थँक्यू, आई. तू आता सावकाश ये. घाई करू नकोस. आणि ती परतीची तिकिटं, तुझं एकटीचंच ठेव."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण थँक्यू? आमच्या घरात लेकीनं आईला आजवर थँक्यू म्हटलेलं नव्हतं. तिनं ते किती नीट म्हटलं! ते ऐकून मला वाटलं, कोणीतरी माझ्यासमोर खुर्ची सरकवली आणि म्हणालं, बसा.

आणि माझं तोंड सुटलं. इंग्रजीत नव्हे, शाळेतल्या मराठीतही नव्हे. ज्या भाषेला मी आयुष्यभर ओठांच्या आत येऊ दिलं नाही, त्या भाषेत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मी ओरडले, "मायले थँक्यू म्हनस का वं सटवी? येऊ दे माले तठे, मंग देखसू तुनाकडे!"

अक्का बघतच राहिली. तिकडे म्हातारा नाक पुसत विचारत होता, काय म्हणाली, काय म्हणाली ती. लेकीला सांगता येईना. तिनं बाळ छातीशी घट्ट धरलं होतं आणि ती आता, ऑपरेशनच्या टाक्यांची पर्वा न करता, आईसाठी रडावं तशी रडत होती.